मालनच्या आवाजामागे मुळशीला

मुळशीहून येऊन आठ दिवस झाले. आमच्या संघटनेतल्या ज्या बायका गुडघ्यांमुळे नाहीतर सुनांमुळे येऊ शकल्या नाहीत, त्या रोज फोन करून विचारतात, काय झालं तिकडं? प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं म्हणजे घसा सुकतो. म्हणून एकदाच लिहून काढते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर मात्र बरं आहे, कारण वीस वर्षं कॅसेटींवर नावं लिहिली.

नव्या मुलींसाठी आधी हे सांगते. आमच्या संघटनेचा एक रेडिओ होता. म्हणायचो रेडिओ, होते दोन टेपरेकॉर्डर. फलटणला एका खोलीत महिन्याला एक कार्यक्रम भरायचा, मग एका टेपवरून दुसऱ्यावर उतरवून दहा-बारा कॅसेटी करायच्या आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती गावोगाव धाडायच्या. तिथल्या बाया देवळाच्या ओट्यावर नाहीतर शाळेत जमून ऐकायच्या. दारूबंदी, रेशनकार्ड, टाकलेल्या बायकांची पोटगी, असलं सगळं त्यात असायचं. बोलायची मालन. बटनं दाबायची मी. कॅसेट कुठं कुठं जाणार ती यादीही माझ्याकडं होती.

मालन आणि मी एका घरात एकतीस वर्षं राहिलो. सात वर्षांपूर्वी ती वारली. आम्ही एकमेकींच्या कोण होतो हे संघटनेत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एकदाच मालन म्हणाली, आपल्यावर एक कॅसेट करू. बैठकीत गदारोळ झाला. एक ताई म्हणाल्या, "आधी पाणी, रेशन बघा. हे बोललात तर घरचे बायकांना बैठकीला पाठवायचे बंद होतील." त्या चूक बोलल्या असं मी म्हणत नाही. शेवटी असं ठरलं की कॅसेट करा, पण नाव घेऊ नका. ‘एक बाई’ म्हणा. तशी ती झाली. मी वर ‘दोघी’ असं लिहिलं.

संघटनेची ट्रंक गेल्या वर्षी पुण्याच्या मुलींनी नेली. त्यांचा आता फोनवर ऐकायचा रेडिओ आहे. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचा, असं त्या सरळ सांगतात. त्यांना ‘दोघी’ सापडली. त्यांच्यातल्या तन्वीचा फोन आला. "आजी, अक्षर तुमचं आहे म्हणतात. ही बोलणारी बाई कोण?"

फोनवर सांगता आलं असतं. पण मालनचं माहेर मुळशी तालुक्यातलं, नांदे. तिकडं तिची माणसं अजून आहेत. मेलेल्या बाईचं नाव त्यांना न विचारता जगाला सांगायचं का, हे मला ठरवता येईना. त्या मुलींचं शिबिर मुळशीलाच भरणार होतं. मी म्हणाले, येते.

पौड

तन्वीने तीनदा बजावलं होतं, "चांदणी चौकात उतरा, मी तिथं घ्यायला येते. पौडला जाऊ नका." मी स्वारगेटला गाडी बदलली, खिडकीशी बसले आणि झोपले. जाग आली तेव्हा कंडक्टर म्हणत होता, "मावशी, पौड आलं. गाडी फिरंल आता माघारी. उतरायचंय का बसायचंय?"

उतरले. तन्वीला फोन केला. तिनं कपाळावर हात मारलेला मला फोनवर ऐकू आला.

स्टँडवर दीड तास काढला. समोर तहसील कचेरी. आमच्याकडं तहसीलीसमोर लोक चहा पितात ते वेळ घालवायला. इथं सगळे घाईत. जमीन विकणारा घाईत, घेणारा त्याहून घाईत. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात सातबारे. बाकावर शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती, मांडीवर केळ्यांची पिशवी घेऊन.

"कुणाकडं आलाय?" तिनं विचारलं.

"मैत्रिणीच्या गावी."

"येतीया का न्यायला?"

"ती वारली."

"मंग?"

"मंग काय. तरी आले."

ती थोडी सरकून बसली. पाच मिनिटांनी एक केळं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "खा. येडं माणूस उपाशी ऱ्हाऊ न्हाई."

तन्वी स्कूटरवर आली. केस कानापर्यंत, नाकात चमकी, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, घर मूळचं नांदेडकडचं. तिनं माझ्या पदरावरून हेल्मेट घातलं. बहात्तर वर्षांत डोक्यावर पाटी, घागर, मोर्चाची बॅनरं असं पुष्कळ काही घेतलं, हेल्मेट पहिल्यांदा. कानात नुसता माझाच श्वास ऐकू येत होता.

धरणाकाठी

पौडच्या पुढं रस्ता चढत जातो आणि दोन्ही बाजूंना फलक लागतात. डोंगर विकायला आहे, तळं दिसेल असा बंगला विकायला आहे. मधूनच भाताची कापलेली खाचरं, त्यात पेंढ्याच्या उडव्या. मग एकदम पाणी. आमच्याकडं पाणी कालव्यातून पाळीनं येतं आणि त्यावरून डोकी फुटतात. इथं डोंगराच्या पायाशी नुसतं पडून आहे, कुणी भांडत नाही. मालन सांगायची, त्याच्या खाली गावं आहेत, जुनी. तेव्हा मी म्हणायची, असतील. आता बघताना काठावर एक वाट दिसली. ती सरळ पाण्यात उतरत होती. तन्वीला म्हणाले, थांब जरा. ती थांबली. बघून झालं, मग पुढं गेलो.

शिबिर भाड्याच्या एका फार्महाउसवर होतं. विसेक बायका. आमची शिबिरं शाळेच्या फरशीवर व्हायची. डाळ करपायची, कांदा कोण चिरणार यावरून दोन तास जायचे आणि खरी चर्चा त्याच दोन तासांत व्हायची. इथं जेवण डब्यांतून आलं. फक्त तांदळाच्या भाकऱ्या गावातल्या एक बाई चुलीवर करत होत्या. पांढरी, मऊ, फडक्यासारखी घडी पडणारी भाकरी. आमच्या बाजरीच्या जिभेला ती गोडसर लागते. मी त्या बाईजवळच जाऊन बसले. कांदा चिरून दिला.

संध्याकाळी सगळ्या गोल बसल्या. प्रत्येकीनं नाव सांगायचं आणि आपण कोण ते सांगायचं. त्यांच्याकडं त्यासाठी शब्द आहेत. ‘लेस्बियन’ हा शब्द तन्वी असा म्हणते, जसं आपण ‘ग्रामसेवक’ म्हणतो. अडखळणं नाही, आवाज खाली नाही. आमच्याकडं शब्दच नव्हता. शब्द नसला की चोरूनही बोलता येत नाही. माझी पाळी आली. मी म्हणाले, "शेवंता. टेप लावायची." त्या हसल्या. मी गंमत केली नव्हती.

मान म्हणून मला एकटीला खोली दिली. भिंतीच्या जागी मोठी काच. उजेड होता तोवर काचेतून काठ दिसत होता आणि काठावर मुली फिरत होत्या. दोन-दोन. कुणी हातात हात, कुणी भांडत. भांडणाऱ्या दोघींकडं मी जास्त वेळ बघत बसले. मिठी मारायला दुसरं कुणीही चालेल. तसं भांडायला ते एकच माणूस लागतं. मग पडदा ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तन्वीनं लॅपटॉपवर ‘दोघी’ लावली. मी सात वर्षांत मालनचा आवाज ऐकला नव्हता. घरी कॅसेटी होत्या, टेप मोडला होता, आणि दुरुस्त करायला नेला नव्हता. का नेला नव्हता ते मला ठाऊक आहे.

आधी खाकरणं. मग, "हं, तर मंग ऐका बायांनो." फलटणला राहायला येऊनही मावळची बोली तिनं कधी सोडली नाही. तिचं बोलणं इथं उतरून देते.

"आमी दोघी एका घरात ऱ्हातो. मी तिला शोधाया गेले न्हवते, ती मला. तिच्या हाताला मीठ न्हाई, माझ्या हाताला तिखट लई. दोघींचं मिळून एक कालवण हुतंय. लोक इचारत्यात, घरात गडी नको का? मी म्हणते, घरात दोन माणसं हायेत, तिसऱ्याला कुटं बसवू? ती मला लागती. भाकरीवानी म्हणणार न्हाई. भाकरी एक दीस नसली तरी निभतं."

शेवटी ती माईकपासून तोंड फिरवून म्हणते, "झालं. बंद कर गं आता." आणि खट् होतं.

तन्वीनं डोळे पुसले आणि लगेच कामाला लागली. तिचं मला हे आवडतं. "आवाज साफ करून घेऊ. पंख्याची घरघर काढते. आणि शेवटी ते खट् होतंय ते कापते. आता सांगा ना आजी, कोण आहे ही?"

मी म्हणाले, "एक दिवस थांब. मला नांद्याला घेऊन चल, मग सांगते."

नांदे

नांद्याला जाताना गाव कुठं सुरू होतं ते कळत नाही. एका हाताला ज्वारीचं रान, दुसऱ्या हाताला वीस मजले, आणि मध्ये म्हैस. तिथल्या म्हशींना हॉर्नची इतकी सवय झाली आहे की त्या कान हलवत नाहीत. मालनचं घर विचारत गेलो. जुन्या घराच्या मागं तीन मजली चाळ बांधली आहे, खोल्या भाड्यानं दिल्या आहेत. दोरीवर पोरांच्या जीन्स वाळत होत्या, सगळ्या काळ्या.

तन्वीनं मला फाटकाशी सोडलं. तिचा फोन माझ्या हातात दिला. "या त्रिकोणावर बोट ठेवा, वाजेल. मी कोपऱ्यावर चहा पिते." माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती.

मालनचा भाऊ मागंच वारला. ओसरीवर त्याची बायको होती, सरूवहिनी. ऐंशीच्या घरात, काटक, सुपात पावटे सोलत बसलेली. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. मालन वारली तेव्हा हिचा मुलगा आला होता. त्यानं अग्नी दिला, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स घेतली आणि त्याच संध्याकाळी परत गेला.

मी म्हणाले, "मी शेवंता. फलटणहून आले."

तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. "बसा," म्हणाली. आत हाक मारली, "प्रतीक्षा, पानी आन गं. आन् सकाळचा भात हाय त्यो आन, वर आमटी." माझ्याकडं वळून म्हणाली, "जेवाया येळ झाली. आन् मीठ बगून घ्या बाई. तुमच्या हाताला मीठ न्हाई म्हणं."

हे वाक्य त्या कॅसेटीत सोडून कुठंच नव्हतं.

"वहिनी, हे तुमी कुठं ऐकलं?"

"देवळाच्या वट्ट्यावर. पौडच्या एक ताई यायच्या टेप घिऊन."

"पण तिच्यात नाव नव्हतं."

वहिनी हसली. दात दोनच होते. "नाव कशापायी लागतंय? गिरणीत अंदारात कोन खाकरलं ते आमी सांगतो. वन्सं खाकरल्या, ‘हं, तर मंग’ म्हणाल्या, आन् मागं बसल्याल्या सासूबाई ताडकन उठून पुढं आल्या. समद्या बाया गप. सांजंपतोर गावाला म्हाईत."

आम्ही बैठकीत नावावर दोन दिवस भांडलो होतो. नाव घ्यायचं नाही, गाव सांगायचं नाही, संघटनाही सांगायची नाही. सगळं लपवलं आणि आवाज तसाच धाडून दिला. रेडिओ करणाऱ्या बायका आम्ही, आणि आवाजाचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढचं अजून वाईट होतं. ते माझं आहे, म्हणून लपवत नाही. मालननं मला सांगितलं होतं, माझ्या माहेराकडं कॅसेट धाडू नको. म्हणून पुणे जिल्हा मी यादीतून वगळायची. त्या महिन्यात पौडच्या बाईंची चिठ्ठी आली, आमच्याकडंही पाठवा. एक कोरी कॅसेट उरली होती. मी म्हटलं, पौड म्हणजे काही नांदे नव्हे. भरली आणि धाडली, आणि पुढंही दर महिन्याला धाडत राहिले. मालनला सांगितलं नाही. ती यादी कधी वाचायची नाही, माझ्यावर सोपवली होती.

"घरात काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हनार? धनी म्हणालं, औंदा भाऊबीजंला तिला आनाया जायाचं न्हाई. औंदा म्हणालं, ते कायमचंच."

मला ती दिवाळी आठवते. मालन अंघोळ करून, पिशवी भरून दुपारपर्यंत दारात बसली होती. मग पिशवी रिकामी केली. पुढं अनेक वर्षं म्हणायची, बापाच्या दहाव्याला मला उशीर झाला त्याचा राग धरलाय भावानं. मीही म्हणायची, असेल.

"वहिनी, पौडला कॅसेट मीच धाडली होती."

पावट्याची शेंग तिच्या हातात तशीच राहिली. "तुमी?"

"हो. ती नको म्हणत होती."

वहिनीनं शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "बरं केलंसा का वंगाळ केलंसा, मला इचारू नका. सासूबाई त्या दिसापास्नं दर म्हयन्याला जायच्या. दारूबंदीचं असू दे, रेशनचं असू दे. काय कळायचं न्हाई, बसायच्या. शेवटाला ताईंना म्हणायच्या, ती मिठाची लावा की परत एकडाव. धन्यांस्नी वाटायचं देवाला जात्यात." तिनं नवी शेंग घेतली. "आईला लेक घावली त्यात. लेकीला भाऊ न्हाई घावला. आता मांडा हिशेब तुमचा तुमी."

मालनला हे कधीच कळलं नाही, की आई पहिल्या ओळीत बसून ऐकते. ती माईकपुढं बोलायची तेव्हा माझ्याकडं बघायची, आणि मी रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडं.

प्रतीक्षा भात घेऊन आली. वहिनीची नात, शिकलेली, हातात फोन. "आजी, कोण गं या?"

वहिनी म्हणाली, "वन्संच्या घरच्या हायेत."

असं म्हणून तिनं शेंगांचा पुढचा ढीग ओढला. इथं एक गोष्ट सांगायला हवी. मालनला सरकारी दवाखान्यात ठेवलं तेव्हा कागदावर विचारलं होतं, रुग्णाशी नातं काय. मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, शेजारीण. त्यामुळं शेवटचे दोन दिवस मला आत सोडलं नाही. फक्त घरच्यांना सोडत होते. वहिनीच्या तोंडून जो शब्द पटकन आला तो मला तेव्हा सुचला नव्हता.

भात आंबेमोहोर होता, वास ओसरीभर. खाल्ला. मीठ बरोबर होतं.

मग मी त्रिकोणावर बोट ठेवलं. वहिनी ऐकताना सोलत राहिली. मिठाचं वाक्य आलं तेव्हा मालनच्या आधी तिनं ते म्हटलं, ओठातल्या ओठात. खट् झाल्यावर म्हणाली, "अशीच बोलायची. दात पडायच्या आदी मीबी अशीच बोलायची."

मी कामाचं काढलं. "या मुलींना हे पुन्हा लावायचंय, सगळ्यांना ऐकू जाईल असं. या वेळी नाव घालून. घालू का?"

तिनं आत बघितलं, प्रतीक्षा कुठं आहे ते. आवाज खाली आणला. "नाव घाला. मालन म्हणा. मेल्यावर तरी घ्याया पायजे कुनी. पन आमचं आडनाव घालू नका बाई. पोरीचं ठरतंया. मानसं खडकवासल्याकडची हायेत, लई चौकश्या करत्यात."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. ती खोटं बोलली नव्हती, गोडही बोलली नव्हती. निघताना तिनं पावट्याचे दाणे कागदात बांधून दिले. म्हणाली, "आता परत काय आपली गाठ पडायची न्हाई." मी म्हणाले, "नाही."

सूस

शेवटचा मुक्काम तन्वीकडं, सूसला. ती आणि ऋतुजा पाचव्या मजल्यावर राहतात. ऋतुजा बँकेत आहे, बडबडी आहे, स्वयंपाक तीच करते. खिडकीतून जुन्या सुसगावाची कौलं दिसतात, इमारतींच्या मध्ये अडकलेली. दारावर दोघींची आडनावं लावलेली बघून मी म्हणाले, "बरी हिंमत आहे."

ऋतुजा म्हणाली, "कसली हिंमत आजी. सोसायटीला मावसबहिणी म्हणून सांगितलंय."

"आम्ही चुलत सांगायचो."

"मावस जास्त चालतं. आडनाव वेगळं असलं तरी कुणी विचारत नाही."

आम्ही तिघी हसलो. मग तन्वी म्हणाली, "दर रविवारी रेडिओवर बोलते मी, लाजू नका म्हणून. आणि खाली वॉचमनला मावसबहीण." मी म्हणाले, "घर भाड्याचं आहे तोवर मावसबहीण राहा." मी तिला दुसरं काय सांगणार होते?

सकाळी चहा झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन बसली. तिनं प्रत्येक कॅसेटीसाठी एक तक्ता केला आहे. बोलणारीचं नाव आणि आडनाव, असे दोन रकाने.

"मालन," मी म्हणाले. "नांद्याची. माझ्या घरची."

तिनं पहिला शब्द लिहिला. "आडनाव?"

"द्यायचं नाही असं ठरलंय. शब्द दिलाय."

"रिकामं सोडलं तर हे पुढंच जात नाही, आजी. तक्ता अडतो."

"कुणी केलाय असला तक्ता?"

"मीच."

ऋतुजा स्वयंपाकघरातून ओरडली, "सांगत होते मी हिला!"

माझं आडनाव द्यावं असं मनात आलं. पण ते माझ्या बापाचं. नवऱ्याचं तीन वर्षांत टाकलं, बापाचं चिकटून राहिलं. मालनला आडनावांचाच राग होता. ती असती तर लॅपटॉप मिटला असता.

"शेवंता लिही," मी म्हणाले.

"तुमचं आडनाव ना?"

"आडनाव कशाला? नाव. तिच्या नावापुढं माझं लिही."

तन्वीनं लिहिलं. ऋतुजा ओले हात घेऊन बघायला आली आणि मोठ्यांदा वाचलं, "मालन शेवंता." असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी खिडकीबाहेर कौलं मोजली.

"आणि ध्वनिमुद्रण करणारीचं नाव?" तन्वीनं विचारलं.

"शेवंता. पुढचं तुला कळत नाही का आता?"

तिला कळलं.

"अजून एक," मी म्हणाले. "पंख्याची घरघर काढायची तर काढ. शेवटचं खट् राहू दे. तेवढीच मी आहे त्यात."

घरी

फलटणची गाडी वेळेवर होती. सांगण्यासारखं काही झालं नाही.

ऋतुजानं माझ्या फोनमध्ये ते घालून दिलं आहे. आठ दिवसांत दोनदा लावलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा नांद्याला जे कळलं, त्या भाऊबीजेच्या पिशवीचं, ते सांगायला उठले. म्हणजे मालनला सांगायला. तिच्या आईचं, ओट्याचं, पौडच्या यादीचं. हे सांगायला आता कुणी नाही, म्हणून इथं लिहिलं. संघटनेत कुणाला मला बोल लावायचा असेल तर लावावा.

दुसऱ्यांदा काल लावलं, संध्याकाळी, वहिनीनं दिलेले पावटे शिजायला टाकून. मालन म्हणाली, झालं, बंद कर गं आता. खट् झालं. मी फोन उलटा ठेवला आणि जेवायला बसले. कालवणात मीठ कमी होतं. सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच उठून घेतलं.